सुपात वाळत घातलेला बोर्ड

मागचं फळकूट निघालं आणि आतून वास आला. डांबरगोळ्यांचा, धुळीचा, आणि त्या दोन्हींच्या खाली दबून राहिलेला जुन्या गोड सोड्याचा. मी धुण्याची बादली घेऊन परसात निघाले होते, ती तशीच पडवीत खाली ठेवली.

"आई, काय झालं? चक्कर आली?" ओंकारनं विचारलं. ओंकार माझा मुलगा, पुण्याला कंप्युटरच्या कंपनीत असतो.

"चक्कर तुला येईल, सकाळपासून ओणवा बसलायस तो," मी म्हटलं आणि बादली उचलून चालती झाले. परसात गेले खरी, पण बराच वेळ दोरीवर एक कपडा टाकला नाही. नुसती उभी राहिले.

ते व्हिडिओ गेमचं मशीन माझ्या दादाचं. माणसाएवढं उंच, लाकडी कपाटासारखं. पुढे काच, काचेखाली दांडा आणि बटणं, त्याखाली नाणं टाकायची फट. एके काळी मालवणात पोरं त्याच्यासाठी शाळा बुडवायची. आता आमच्या घरामागच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो, आणि ओंकारच्या डोक्यात आलं, की याच्या पोटातलं जुनं सगळं काढून तळहाताएवढा कंप्युटर बसवायचा, सपाट पडदा लावायचा, नवी बटणं. हजार गेम. पाव्हणे खूश. "लोक जुन्या वस्तूंवर जीव टाकतात, आई," तो म्हणाला. लोकांचं काय घेऊन बसलास रे बाबा! लोक चुलीवरच्या भाकरीचेसुद्धा फोटो काढतात, धुरात फुंकायला कोणी बसत नाही.

पण परवानगी माझी नव्हेच, ती घ्यायची आयेची. आये म्हणजे माझी आई. कंबरेतून वाकली आहे, तरी कान शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. ओंकारनं तिला सगळं समजावून सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "करा काय तां. फकत तेका सोलां लावू नको."

ओंकार हसला. मला हसू आलं नाही.

बंदराच्या रस्त्याला बाबांचं लिंबू-सोड्याचं दुकान होतं. दादानं म्हापशाहून ते मशीन टेम्पोतून आणलं, गवतात गुंडाळून, आणि दुकानाच्या कोपऱ्यात उभं केलं. त्या दिवसापासून आमच्या घरादाराला एक तुणतुणं लागलं. कोणी खेळत नसलं की मशीन आपलं आपणच एक सूर आळवत बसायचं, तोच, पुन्हा तोच. त्या सुरावर मी दहावीचा भूगोल पाठ केला. आजही नकाशात ब्राझील दिसला की माझ्या कानात तो वाजतो. दुकानात बर्फाच्या लादीवरचा भुसा, पिळून टाकलेली लिंबं, ओल्या छत्र्या, पोरांच्या घामट कॉलरी आणि बंदरावरून येणारा सुक्या बांगड्याचा वास, असं सगळं एकत्र नांदत असे. गेममध्ये काळ्या कापडानं डोकं झाकलेला एक दुष्ट होता. त्याचं कंपनीनं काय नाव ठेवलं होतं देव जाणे, आमच्या पोरांनी त्याला दशावतारातला संकासूर करून टाकला. "मार रे संकासुराक! बोक्यासारखो बघतंस काय मेल्या!" असा गिल्ला चालायचा. पहिलं नाणं पोरं कपाळाला लावून मग फटीत टाकायची. तिन्हीसांजेला दादा आवाज बारीक करायचा, नाण्याच्या फटीसमोर उदबत्ती ओवाळायचा आणि आवाज पुन्हा मोठा करायचा. दसऱ्याला दांड्यावर हळदकुंकू.

आणि आये! तिला त्या गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मशीनवर तिची माया अशी की गोठ्यातल्या वासरावरही नसेल. एका महाशिवरात्रीला दादानं ते कुणकेश्वरच्या जत्रेला नेलं. खाज्याचं दुकान एका बाजूला, काकणांचं दुसऱ्या बाजूला, मध्ये आम्ही. भर दुपारी समुद्रावरून उन्हाची तिरीप अशी यायची, की काचेत खेळ दिसेना, नुसतं आपलंच तोंड दिसे. आयेनं ट्रंकेतलं आपलं चांगलं लुगडं काढलं आणि मशीनभोवती पडदा बांधून दिला. त्या पडद्याआड तापलेल्या वाळूचा, कापराचा आणि जुन्या रेशमाचा वास कोंडला होता. स्वतः आत बसून ती विंझण्यानं मशीनला वारा घालत होती. मी म्हटलं, "आये, लोक हसतंत गे." तर म्हणते, "हसांदे. तेका उकडता तां लोकांका काय म्हायत!"

पावसाळा मात्र वैरी. आमच्या किनाऱ्याला खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, तिथे त्या तारांचं काय? म्हणून श्रावणात ऊन पडलं की दादा मागचं फळकूट काढायचा, आतला हिरवा बोर्ड अलगद सोडवायचा आणि सुपात घालून अंगणात ठेवायचा. एका सुपात पोह्याचे पापड, शेजारच्या सुपात दादाचा बोर्ड. मांजर आलं तर ते पापडांपेक्षा बोर्डापासून आधी हाकलायचं, असा नियम होता.

त्या वर्षी दादाचं चित्त उडालेलं होतं. त्याचे दोघे मित्र बोटीवर नोकरीला लागले होते. सुट्टीत आले ते चामड्याची जाकिटं घालून, मालवणच्या उकाड्यात! दादा त्यांच्याबरोबर धक्क्यावर तासन्‌तास बसायचा. बाबांनी एकदाच काय ते सांगून टाकलं, "दुकानात मशीन चलता हा तवसर बोटीचां नाव काडू नको. चलतो धंदो सोडून दर्यात मराक जाता कोण?"

चतुर्थीचा आदला दिवस. ज्यांच्या घरी गणपती येतो त्यांना सांगायला नको, त्या दिवशी घरातलं सगळं पितळ-तांबं अंगणात येतं. समया, घंगाळ, तांबे, घंटा, पंचपाळं. आये पाटावर बसलेली, पुढ्यात वाडगाभर भिजवलेली सोलं. सोलं म्हणजे आमसुलं. आमच्याकडे आमटीत तीच, कढीत तीच आणि देवाची भांडी घासायलाही तीच. तिचे हात कोपरापर्यंत तांबडे झाले होते. अंगणभर आंबट वास, आणि एकेक भांडं उन्हात पिवळंजर्द होऊन पालथं पडत होतं. त्या दिवशी आयेच्या नजरेला काळं पडलेलं तांबं खपायचं नाही, आणि शेजारच्या सुपात दादाचा बोर्ड वाळत होता. त्याच्या एका कडेला धातूचे बारीक दात होते, ओळीनं. काळवंडलेले.

तिनं ते घासले. सोलाची फोड धरून, एकेक दात, अगदी मायेनं. वर ओंजळभर पाणी सोडलं, पदरानं टिपलं, पुन्हा सुपात ठेवलं. मला हाक मारली, "बघ गो, कशे सोन्यासारखे झाले! बाबू खूश होतलो." दादाला ती बाबू म्हणायची. आणि खरंच सांगते, सोन्यासारखेच झाले होते.

संध्याकाळी दादानं बोर्ड बसवला, बटण दाबलं. काही नाही. ना उजेड, ना सूर. तो बराच वेळ आत डोकं घालून होता. मग बोर्ड काढून नाकाशी नेला. आये दारात हात पुसत उभी होती.

"आये, तू हेका सोलां लावलंस?"

"होय रे. काळां पडला होतां तां."

दादा ओरडला असता तर बरं झालं असतं. आमच्याकडे माणसं ओरडतात, भांडी आपटतात आणि रात्री एका ताटात जेवतात. तो हळू आवाजात म्हणाला, "माझ्या पोटार पाय दिलंस गे आये." त्यानं फळकूट लावलं, खिळे ठोकले आणि बाबांना सांगितलं, की हे आता संपलं, दुरुस्त होण्यातलं नाही. मशीनमधलं त्याच्याइतकं कळणारं मालवणात दुसरं होतं कोण? बाबांनी मान खाली घातली. गणपतीचे दिवस गेले. आरत्या झाल्या, मोदक झाले, आयेनं दादाच्या पानात तुपाची धार जरा जास्तच धरली, तो जेवला आणि उठला. विसर्जन झाल्यावर तो गेला. मुंबईला, तिथून बोटीवर. निघताना तिच्या पाया पडला, पण वर पाहिलं नाही.

शेजारच्या औषधांच्या दुकानात त्याचा फोन यायचा. हाक आली की आये लुगडं बदलून, केस नीट करून माझ्याबरोबर यायची आणि काउंटरपाशी उभी राहायची. रिसीव्हर पुढे केला तर मागे सरायची. "तूच बोल. माझो आवाज आयकान तेका राग येयत." एकदा मलाच तो म्हणाला, "आयेक सांग..." आणि थांबला. लांबून खरखर येत होती, वाऱ्याची की यंत्राची कोण जाणे. मग म्हणाला, "रवांदे. इल्यार मीच सांगतंय." मी आयेला म्हटलं, "तुका कायतरी सांगतलो हा, इल्यार." तो आल्यावर सांगणार, एवढ्यावर ती दिवसभर हसरी होती. संध्याकाळी तिनं पातोळ्या केल्या.

पुढच्या पावसाळ्यात बातमी आली. बोटीवर कसलासा दोर तुटला. तिकडेच काय ते केलं त्यांनी. आमच्या दारात आली ती एक बॅग. भेटायला माणसं यायची, भिंतीला टेकून बसायची. आये प्रत्येकाला सांगायची, "मी मारलंय तेका." सगळे म्हणायचे, असं बोलू नये. खोटं आहे असं मात्र एकही जण म्हणाला नाही. सोलांची गोष्ट तोवर सगळ्या बंदराला ठाऊक झाली होती.

त्या दिवसापासून आमच्या घरात सोलं नाहीत. मालवणात, माशांच्या घरात, सोलं नाहीत! बांगड्याच्या कढीला चिंच. सोलकढी बंदच. नातेवाईक आधी नाकं मुरडायचे, मग गप्प जेवू लागले. समया घासल्या जात नाहीत, त्या काळ्या पडल्या त्या पडल्या. गणपतीसमोरही तशाच लागतात. माझं लग्न झालं, सासरी पहिल्याच दिवशी वाटीत गुलाबी सोलकढी आली. एक घोट घेतला आणि माझं रडू थांबेना. सासूबाईंना वाटलं, मिरची जास्त झाली. पुढे बाबा गेले, नवऱ्याची नोकरी गोव्यात, आये एकटी, म्हणून मी ओंकारला घेऊन माहेरी राहायला आले ती आलेच.

आणि तो दिवा. दुकान बंद झालं तेव्हा मशीन घरी आणून पडवीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली ठेवलं होतं. मृग लागला की आये ताडपत्रीच्या आत एक बारीक बल्ब सोडायची आणि दिवाळीपर्यंत तो पेटता ठेवायची. दमट लागू नये म्हणून लोक कपाटात ठेवतात ना, तसा. आधी म्हणायची, "तो येतलो तेवा चलूक होया." बातमी आल्यावर तिनं कारण सांगायचं सोडलं, दिवा लावायचं नाही. पावसात पडवीतून जाताना ताडपत्रीच्या भोकातून उजेड दिसायचा आणि मला धडकी भरायची. किती वेळा मनात आलं, काढून फेकावा तो बल्ब. हात धजला नाही.

तर मी परसातून परत आले. जेवणं झाली. आये आत आडवी झाली आणि ओंकारनं हाक मारली.

"आई, गंमत बघ. याच्यात फ्यूजच नाहीये."

बोटाच्या पेराएवढी काचेची नळी असते, ती गेली तर सगळं बंद, एवढं त्यानं मला समजावलं. जळलेली असती तर जागेवर असती. इथे जागाच मोकळी होती. जुनं काढण्याआधी एकदा चालू करून बघावं, अशी त्याची हौस.

राहता राहिला गल्ला, म्हणजे नाणी पडतात ती लोखंडी पेटी. तिला कुलूप होतं. किल्ली एकच, आणि ती दादाच्या कमरेच्या करगोट्याला. झोपतानासुद्धा तो ती काढत नसे. त्याच्याबरोबर ती गेली, बॅगेतून काही परत आली नाही. ओंकारनं पेचकस घालून कुलूप उचकटलं. आत हिरवी पडलेली थोडी नाणी होती, आणि सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाची एक घडी. ती घडी मी उलगडली. आत काचेची नळी होती, लख्ख, आतली तार शाबूत.

ओंकारनं ती जागेवर बसवली, मशीनभर फुंकर मारली, बटण दाबलं. आधी गुरगुर झाली. काचेत गुलाबी पाणी हलल्यासारखं दिसलं. मग सूर आला. घोगरा, अडखळत, पण तोच. त्या गुलाबी पाण्यातून संकासूर चालत आला आणि हात वर करून उभा राहिला.

"चाललं! आई, बोर्ड चांगला आहे!" ओंकार टाळ्या पिटत होता. "आजीनं काही बिघडवलंच नव्हतं! कावळा बसायला आणि फांदी मोडायला..." आणि मग त्याचा आवाज खाली आला. तो काही मूर्ख नाही. किल्ली कोणाकडे होती, हे त्याला मीच तर आत्ता सांगितलं होतं.

चित्र आक्रसलं, एक पांढरी रेघ झाली, तीही गेली. जळका वास आला. सूर थांबला.

म्हणजे असं. बोटीवर जायला मशीन मेलेलं हवं होतं, आणि दादानंच त्याचा जीव काढून कागदात गुंडाळून ठेवला होता. आये सोलांचा वाडगा घेऊन आयती मध्ये सापडली. वड्याचं तेल वांग्यावर! बाबांना फसवायचं होतं तर फसवायचं, मी समजले असते. पण तिच्या तोंडावर ते पोटावर पाय दिल्याचं बोलणं, आणि ते तसंच ठेवून निघून जाणं? फोनवर एवढ्या वेळा आलास, एक वाक्य नाही फुटलं तुझ्या तोंडातून? मेल्या, तुका फटकी इली! गेलेल्या माणसाला शिव्या देऊ नयेत म्हणतात. मी दिल्या. पोटभर दिल्या, मालवणीत दिल्या, ओंकार तोंड उघडं टाकून ऐकत होता. आणि मग मी त्याच्यासाठी रडले, कारण माझा दादाच तो.

"आजीला सांगूया ना? आत्ताच?" ओंकार म्हणाला. "सुटेल ती."

मलाही तेच वाटलं. इतकी वर्षं एका म्हातारीनं स्वतःला खुनी म्हणून घेतलं, आता तरी तिच्या डोक्यावरचा तो धोंडा उतरवू. चहा घेऊन मी तिच्याजवळ गेले. ती उठून पडवीच्या पायरीवर वाती वळत बसली होती.

"वाजला मां?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

"होय."

मी सगळं सांगितलं. फ्यूज, गल्ला, चंदेरी कागद. घाई न करता, एकेक करून. ती वाती वळत राहिली.

"चावी तेच्याकडेच होती," ती म्हणाली.

"होय गे आये. तुझ्यान कायेक बिघडला नव्हतां. तुझो दोष नाय. तेवाय नव्हतो."

मला वाटलं होतं, ती रडेल. मला मिठी मारेल. निदान देवाला हात जोडेल. तिनं हातातली वात संपवली, ताटलीत ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी तिला इतकी घाबरलेली कधी पाहिली नव्हती, बातमी आली तेव्हाही नाही.

"मगे तो असोच गेलो?"

"तो सांगणार होतो तुका," मी म्हटलं. "फोनार म्हणालो नाय? इल्यार सांगतंय म्हणान?"

"इलो नाय मां," आये म्हणाली.

चहावर साय धरली. खाली रस्त्यावरून पर्यटकांची गाडी गाणी लावून गेली. मग ती हळूहळू बोलली, जणू मी लहान आहे आणि मला समजावते आहे. "माझ्यार रागान गेलो, तां माका कळत होतां. आयशीर रागावलेलो पोरगो आयशीचोच रवता गो. असोच गेलेलो कोणाचो?" आणि नवी वात घेत, "ओंकाराक सांग. कोणाक सांगू नको म्हणान."

ओंकारला मी सांगितलं. त्याला पटलं नाही, तो वाद घालायला लागला. मी म्हटलं, "पटू नको, गप्प रहा." पुण्याला जायच्या आधी त्यानं मशीन पुरं केलं. सपाट पडदा, रंगीत बटणं, आत तो तळहाताएवढा कंप्युटर. आता त्याला दमट लागत नाही की उकडत नाही. जुना बोर्ड त्यानं मला दिला. मी तो कपाटात ठेवला आहे, आयेला सांगितलेलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरचं एक कुटुंब राहायला आलं. दुपारची जेवणं चालली होती. पोरं दोन घास खाऊन मशीनकडे पळाली होती, त्यांची आई आयेच्या शेजारी जेवत होती. सहज म्हणून तिनं विचारलं, "आजी, हे मशीन तुमच्याकडे कधीपासून हो?"

परक्या माणसांशी आये शाळेतल्यासारखं शुद्ध बोलते. "माझ्या मुलाचं आहे ते," ती म्हणाली. "माझ्या हातून बिघडलं. म्हणून तो रागावून बोटीवर गेला. तिथेच वारला."

त्या बाईचा घास हातातच राहिला. "अहो आजी, असं कसं? तुम्ही उगाच मनाला लावून घेताय," ती म्हणाली, आणि मी काहीतरी बोलावं म्हणून माझ्याकडे पाहू लागली.

आयेही माझ्याकडे पाहत होती. मी भाताचं पातेलं घेऊन उभी होते.

"नाही हो," मी म्हटलं. "हिच्यामुळेच गेला तो."

आये पुन्हा जेवायला लागली.